दिवेवाली आणि दोन डाव्या बाह्या

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून आजोबांनी बशी खाली ठेवली आणि त्यांच्या नातीने, टेपने, गळ्यातली मोजपट्टी मुठीत धरली.

समोर शेजारच्या काकू होत्या, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर होते. प्रवासातून आणलेला खाऊ खायला दोघं आले होते, आणि आजोबांच्या घरी खाऊ खाल्ला की गोष्ट ऐकावीच लागते. आजोबांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. कापड त्यांनी कधी बोटभर वाया घालवलं नाही, पण गोष्ट मात्र नेहमी अंगापेक्षा चार इंच सैल शिवली. आणि त्यांचीच जुनी मोजपट्टी गळ्यात अडकवून हिंडणारी ही नात, जिला घरीदारी सगळे टेप म्हणत, ती ऐन रंगात आल्यावर विचारायची, "किती इंच?" झालं. गोष्टीतला हत्ती तिथल्या तिथे आटून शेळीएवढा व्हायचा.

आज मात्र तिला विचारता येणार नव्हतं. तिने शब्द दिला होता. तो का दिला हे कळायला तीन आठवडे मागे जायला हवं, आणि समुद्रापलीकडच्या एका देशात, एका पिवळ्या छत्रीच्या मागून दगडी पायऱ्या चढायला हव्यात.

ती छत्री गाईडची होती. आभाळात ढगाचं पिल्लू नसलं तरी ते ती उघडून उंच धरायचे, म्हणजे मागचं माणूस चुकू नये. मुलांनी त्यांचं नाव छत्रीकाका ठेवलं. ते तिथलेच, पण एकतीस वर्षं पाहुण्यांना जुनी देवळं दाखवता दाखवता मराठी शिकले होते. अडचण एवढीच, की पाहुणे प्रवासात जे बोलतात तेवढंच मराठी त्यांना येत होतं. "मंडळी, मागे कोण राहिलं? पाणी प्यायलं का? चष्मा बसमध्ये नाही ना विसरला?" हे ते अस्खलित म्हणत. शिवाय पायऱ्या चढून आलेला प्रत्येक जण एकच शब्द उच्चारतो हे पाहून ते पायरीलाच 'हुश्श' म्हणू लागले होते.

"आता फक्त चाळीस हुश्श," ते त्या सकाळी म्हणाले. "मग दिवेवाली."

कोणी त्यांची चूक सुधारली नाही. काही चुका अंगावर इतक्या छान बसतात, की उसवायचं जिवावर येतं.

टेपच्या बरोबर तिचा आतेभाऊ होता. त्याच्या मनगटावर मनगटापेक्षा मोठं घड्याळ असायचं, म्हणून तो घड्याळजी. आणि त्याची सहा वर्षांची बहीण शेपूट, कारण ती कोणाच्या ना कोणाच्या मागे असायचीच. त्यांच्या मागे आत्या, हातात खाऊचा भला मोठा स्टीलचा डबा. सगळ्यांच्या मागे आजोबा, दर दहा हुश्शांनंतर एक जुनी आठवण सांगायला थांबत.

देऊळ लहानसं, काळ्या दगडाचं. गाभाऱ्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर कोरलेली एक हसरी बाई, हीच दिवेवाली, तिच्या हातात दगडी पणती. हात तिने बाजूला लांबवलेला, आपण समोर उभं राहिलं की डावीकडे. वर सात लांबलचक शिळांचं छप्पर, प्रत्येक शीळ दारापासून मूर्तीपर्यंत लांब, एकीच्या शेजारी एक ठेवलेली. त्यातल्या एका शिळेत तळहाताएवढं भोक.

छत्रीकाकांनी छत्री मिटली आणि आवाज खाली आणला. रोज सकाळी सव्वादहाला ऊन त्या भोकातून आत येतं, ते म्हणाले, आणि थेट पणतीवर बसतं. मग पणती पेटते. तेल नाही, वात नाही. दगड पेटतो.

पंधरावीस पाहुणे श्वास रोखून पणतीकडे बघत राहिले. घड्याळजी सेकंद मोजत होता. सव्वादहा झाले. दहा सोळा झाले. पणती होती तशी काळी ढुस्स. मागून कोणीतरी खुसकन हसलं. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या की हे लोक ना, काहीही सांगतात. हळूहळू सगळे बाहेर पडले.

टेप मात्र पणतीकडे बघतच नव्हती. सगळे एकीकडे बघायला लागले की दुसरीकडे काय चाललंय ते बघायची तिला खोड होती. उजव्या कोपऱ्यात स्टुलावर देवळाचा पहारेकरी बसला होता. त्याचं टक्कल असं गुळगुळीत, की त्यावर भांग पाडायला कंगवाच घसरला असता. त्या टकलाच्या अगदी मध्यावर उन्हाचा एक ठिपका येऊन बसला. पहारेकऱ्याने जांभई दिली, खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली आणि स्टूल वीतभर सरकवलं. रोजचं काम असावं तसं.

"किती वाजले?" टेपने कुजबुजत विचारलं.

"दहा सोळा. टोपी घातली तेव्हा सव्वादहा," घड्याळजी म्हणाला. त्यानेही पाहिलं होतं तर.

बाहेर शेवटच्या पायरीवर छत्रीकाका मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसले होते. शेपूट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि मोठी माणसं जे विचारत नाहीत ते तिने विचारलं.

"काका, तुम्ही थापा मारता?"

आत्याने तिला मागे ओढलं, पण काकांना राग आला नाही. ते म्हणाले, "बाळा, मी तुझ्याएवढा होतो. आईचं बोट धरून पाहिलं. आईसुद्धा गाईड. हा बिल्ला तिचा." त्यांच्या छातीवरचा पितळी बिल्ला पुसून पुसून गुळगुळीत झाला होता. मग तुटक तुटक त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं देऊळ दुरुस्तीसाठी बंद होतं. शिळांना तडे जात होते, म्हणून सगळं छप्पर उतरवून, साफ करून, पुन्हा चढवलं. दीड महिन्यापूर्वी देऊळ उघडलं आणि तेव्हापासून पणती पेटेना. आत फोटो काढायला बंदी, त्यामुळे पुरावा काही नाही. काकांनी दुरुस्तीच्या इंजिनियरना विचारलं, तर त्यांनी नकाशा पुढे केला. नकाशात भोक जिथे आहे तिथेच बसवलंय, म्हणाले. इकडे पाहुण्यांच्या तक्रारी वर गेल्या, गाईड खोटं बोलतो म्हणून. उद्या सकाळी गाईडांच्या कचेरीतल्या मोठ्या बाई येणार होत्या. बिल्ला काढून घ्यायला.

"आता मलाच वाटतं," काका म्हणाले, "आईचं बोट धरून मी काहीतरी दुसरंच पाहिलं का?"

आजोबा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी पाण्याची बाटली काकांपुढे केली.

पहारेकऱ्याला टेपने काकांकरवी विचारून घेतलं. तो म्हणाला की पूर्वी या कोपऱ्यात छान सावली असायची, देऊळ नव्याने उघडल्यापासून रोज ऊन टाळूला चावतं. दोघांचं बोलणं होईपर्यंत टेपने मापंही घेतली. पणती जमिनीपासून किती उंच, ते घेतलं. मग पहारेकऱ्याला स्टुलावर ताठ बसवून त्याच्या टकलाची उंची घेतली. बिचारा गालातल्या गालात हसत राहिला. दोन्ही मापं चौपन्न इंच. मागच्या भिंतीपासूनचं अंतरही दोघांचं सारखंच. पणतीपासून टकलापर्यंत चौऱ्याऐंशी इंच, आणि मूर्तीचं नाक बरोब्बर मधोमध.

"म्हणजे ऊन वेळेवर येतंय," घड्याळजी म्हणाला, "फक्त चुकीच्या घरी जातंय."

दाराशी एक पत्रक ठेवलं होतं, दुरुस्तीची माहिती देणारं. त्यात तो नकाशा छापलेला होता: सात शिळा, एकीत भोक, आणि वरच्या कडेला 'दार' असं लिहिलेलं. टेपने तो जमिनीवर ठेवला, त्याची दाराकडची कड खऱ्या दाराकडे केली आणि वर पाहिलं. नकाशातलं भोक आणि छपरातलं भोक एकाच बाजूला, पहारेकऱ्याच्या. इंजिनियर खरं बोलत होते. तिचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी हॉटेलच्या खोलीत आत्या सामान लावत होती आणि टेप बुटांसकट पलंगावर उताणी पडली होती. बुटांवरून बोलणी खाऊन झाली, तरी ती उठली नाही. पत्रक तिने दोन्ही हातांनी तोंडावर धरलं होतं, खिडकीचा उजेड कागदातून आरपार येत होता. शेजारच्या पलंगावर आजोबा शेपटीला त्यांची जुनीच गोष्ट सांगत होते, पैलवानाच्या कोटाची. बाहीचा एक तुकडा कापला, दुसरा कापताना कागदी माप उलटं करायचं विसरले, आणि कोटाला झाल्या दोन्ही डाव्या बाह्या.

टेप ताडकन उठून बसली.

"आजोबा, छपराचं चित्र काढायचं तर कसं काढतात?"

"आडवं पडून," आजोबा म्हणाले. "उभ्याने काढलं तर मान मोडेल."

टेपने पुन्हा पाठ टेकली. पाय मूर्तीकडे आहेत असं धरलं, डोकं दाराकडे, आणि कागद छपरासारखा तोंडावर. भोक आलं डावीकडे. पणतीच्या बाजूला. मग कागद गादीवर ठेवून, दाराची बाजू तशीच डोक्याकडे करून, ती वरून वाकून पाहू लागली. भोक गेलं पलीकडे. टकलाच्या बाजूला.

खाली झोपून काढलेलं चित्र गवंड्यांनी छपरावर उभं राहून वाचलं होतं! वरून बघताना ते उलटं करून घ्यायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अख्ख्या देवळाला त्यांनी दोन डाव्या बाह्या शिवल्या होत्या.

पण चित्र खरंच झोपून काढलं होतं कशावरून? घड्याळजीने खाली जाऊन हॉटेलच्या फोनवरून छत्रीकाकांना विचारलं. काका म्हणाले, हो तर, देऊळ बंद व्हायच्या आधी नकाशा काढणारी मुलगी तीन दिवस गाभाऱ्यात चटईवर उताणी पडून होती. डोळ्यांत धूळ जायची म्हणून तिने पोहायचा चष्मा लावला होता. पाहुण्यांना वाटायचं, हिला चक्कर आली आहे. ते रोज तिच्यावर पाणी मारायला धावायचे आणि रोज काकांना त्यांना अडवावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या मनात बाजार होता, मुलांच्या मनात देऊळ. दोन्हींच्या मध्ये आजोबा चपला घालून उभे राहिले आणि म्हणाले की ते देवळात निघालेत, त्यांना एकट्याला सोडायचं का ते आत्याने ठरवावं. आत्याने निमूटपणे डबा उचलला.

ते पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. मोठ्या बाई आधीच आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडेपाच फूट उंचीची बाई, हातात फाइल. शेजारी इंजिनियर, त्यांच्या हातात नकाशा. छत्रीकाका छत्रीशिवाय उभे होते आणि छत्रीशिवाय ते कोणीतरी दुसरेच दिसत होते. बाईंना दहाला निघून दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी चार प्रश्न विचारले, इंजिनियरनी नकाशा जमिनीवर पसरून दाखवला, बाईंनी मान हलवली. काकांनी बिल्ल्याची पिन काढली आणि आईचा बिल्ला बाईंच्या तळहातावर ठेवला.

टेपने बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हसून तिच्या गालाला हात लावला आणि फाइल मिटली. मोठी माणसं लहानांना गप्प बसवायची इतकी गोड पद्धत वापरतात, की भांडताही येत नाही.

घड्याळजीने मनगट दाखवलं. दहाला एक मिनिट कमी. ऊन यायला सोळा मिनिटं.

टेप आजोबांकडे धावली. "आजोबा, सोळा मिनिटं थाप मारा."

"थाप?" आजोबांना फार लागलं. "मी जन्मात कधी थाप मारलेली नाही."

"मग तुमची गोष्ट सांगा. पैलवानाच्या कोटाची. त्या निघाल्या, आजोबा."

आजोबांनी डोळे बारीक केले. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे शिंप्याला लगेच कळतं. "एका अटीवर. वर्षभर माझ्या कुठल्याही गोष्टीत 'किती इंच' विचारायचं नाही."

टेपने छत्रीकाकांच्या रिकाम्या छातीकडे पाहिलं आणि शब्द दिला.

आजोबा सरळ जाऊन बाईंच्या वाटेत उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि गोष्ट सुरू केली. भाषांतराला अर्थातच छत्रीकाका. आता मजा बघा: खोटं बोलतो म्हणून ज्याचा बिल्ला गेला, त्याला आजोबांची गोष्ट शब्दन्‌शब्द दुसऱ्या भाषेत सांगायची होती. पैलवान एवढा उंच होता, की खांद्याचं माप घ्यायला शिडी लागली. काकांनी ते सांगितलं आणि घाईघाईने जोडलं, असं हे म्हणतात, मी नाही. कमरेचं माप घ्यायला कारागीर टेप घेऊन उजवीकडून गेला, तो डावीकडून तिसऱ्या दिवशी परत आला, दाढी वाढलेली. असं हे म्हणतात. बाईंचा पाय उचललेला होता, तो खाली आला. कोटाच्या खिशात पावसात अडकलेलं एक वऱ्हाड राहून गेलं, इथे त्या हसल्या. इंजिनियर तर भिंतीला टेकून उभे राहिले. टेप जीभ दातांखाली धरून होती. आतून तिला किती इंच, किती इंच अशा ठेचा लागत होत्या.

"आणि मग दुसरी बाही," आजोबा म्हणाले आणि थांबले. त्यांनी इंजिनियरच्या हातातला नकाशा सहज घेतला, बाहीच्या मापासारखा कापडावर ठेवल्याचं नाटक केलं आणि हवेत कात्री चालवली. "एक बाही कापली. दुसरीला हेच माप उलटं करायला हवं होतं. मी विसरलो. पैलवानाने कोट घातला तर उजवा हात पाठीमागे. गावभर लोक म्हणायचे, पैलवानाचा हात वाकडा आहे. हात सरळ होता हो. उलटा होता तो कोट."

काकांनी हे भाषांतर केलं. शेवटच्या वाक्याला मात्र ते असं हे म्हणतात म्हणाले नाहीत.

"दहा वाजून दहा," घड्याळजी म्हणाला.

टेप गाभाऱ्याच्या मधोमध फरशीवर आडवी झाली आणि तिने नकाशा मागून घेतला. पाय मूर्तीकडे, डोकं दाराकडे, कागद तोंडावर. ती बोलत गेली, काका सांगत गेले. बाईंनी क्षणभर आपल्या इस्त्रीकडे पाहिलं. मग त्या खाली बसल्या आणि टेपच्या शेजारी सरळ उताण्या झाल्या. दोघींनी मिळून नकाशा वर धरला. नकाशातलं भोक एका बाजूला, छपरातलं दुसऱ्या. बाई काहीतरी म्हणाल्या. इंजिनियरचे कान लाल झाले. पाचव्या मिनिटाला तेही फरशीवर होते.

त्याच वेळी ऊन आलं. छपरातून सुटलं आणि रोजच्या पत्त्यावर, पहारेकऱ्याच्या टकलावर जाऊन बसलं. वेळ बरोबर, उंची बरोबर, फक्त चौऱ्याऐंशी इंच पलीकडे. पहारेकरी टोपीला हात घालणार, तोच सगळे एकदम ओरडले, तसा तो घाबरून स्टुलावरून उठून बाजूला झाला.

आणि रिकाम्या स्टुलामागे शेपूट उभी होती. या सगळ्या धांदलीत तिने आत्याचा डबा उघडला होता आणि झाकण चाटत होती. ऊन झाकणावर पडलं. तिथून उडालं, आजोबांच्या नाकावरून गेलं, भिंतीवर नाचलं.

"हलू नकोस," टेप पडल्या पडल्या म्हणाली. "थोडं वर. डावीकडे. अजून एक इंच."

शेपटीने श्वास रोखून झाकण एक इंच वळवलं.

पणती पेटली. आधी कडा, मग आतली वाटी, आणि दगडातले बारीक कण असे चमकायला लागले की ज्योत हलतेय असं वाटावं. दिवेवालीच्या गालावर उजेड चढला. तेव्हा कळलं, की ती कोणाकडे बघून हसत नव्हती, पणतीकडे बघून हसत होती. इतकी वर्षं कोणीतरी पाथरवट हे ठरवून बसला होता आणि दीड महिना सगळे त्याला खोटं पाडत होते.

छत्रीकाकांनी हात पुढे केला, लहानपणी कोणाचं बोट धरावं तसा, आणि तसाच हवेत ठेवला. शेपूट दोन मिनिटं हलली नाही. सहा वर्षांच्या मुलीने दोन मिनिटं न हलणं म्हणजे काय, ते आत्याला विचारावं.

बाई उठल्या. पाठीवर फरशीची सगळी धूळ. बिल्ला त्यांनी स्वतःच्या हाताने काकांच्या छातीवर लावला आणि सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. मग इंजिनियरनीही मागितली. पाऊस पडायच्या आत शिळा उतरवून पुन्हा उलट क्रमाने बसवतो, म्हणाले, आणि या वेळी त्याआधी स्वतः झोपून बघतो. बाईंनी टेपला विचारलं, मोठी झाल्यावर काय होणार? टेपने सांगितलं, शिंपी. आजोबांनी एकदम चष्मा पुसायला काढला.

आत्याने मुलांना जवळ घेतलं आणि त्या दिवशी हॉटेलवर तिला आयुष्यात पहिल्यांदाच पलंगावरचे बूट चालले. गेल्या आठवड्यात काकांचं पत्रही आलं. शिळा जागेवर बसल्या, पणती रोज पेटते, पहारेकरी सावलीत बसतो, आणि वर येणारे पाहुणे आता चाळीस हुश्श मोजत नाहीत.

तर असं सगळं झालं होतं. आणि आता इथे, घरच्या बैठकीत, आजोबा तेच सांगत होते, आपल्या मापाने. चाळीस पायऱ्यांच्या चारशे झाल्या होत्या. टेप गप्प. मोठ्या बाई साडेसात फूट उंच झाल्या होत्या. टेपने मोजपट्टी बोटाला गच्च गुंडाळली. आजोबांनी दिलेल्या हाकेने म्हणे छप्पर हादरलं होतं. टेपचं बोट निळं पडायला आलं. शब्द म्हणजे शब्द.

शेजारच्या काकू पुढे सरकल्या होत्या. डॉक्टरांच्या हातातला खाऊ हातातच होता. आत्याच्या मांडीवर शेपूट बसली होती, तिचा भाग कधी येतो याची वाट बघत, पाठ ताठ करून.

"आणि मग, काय सांगू," आजोबांनी दोन्ही हात पसरले, "ते ऊन पडलं पहारेकऱ्याच्या टकलावर. टक्कल कसलं, आरसाच तो. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, असं जरासं वळवलं, आणि त्या टकलावरून उजेड जो उडाला तो थेट तीस फुटांवरच्या..."

शेपटीची पाठ वाकली. तिने खाली बघितलं.

टेपने मोजपट्टी सोडली.

"सात फूट!" ती म्हणाली. "आणि टक्कल नव्हतं, आजोबा. डब्याचं झाकण होतं, आणि ते शेपटीने धरलं होतं!"